दाताळ्याकडे वळून बघताना

ट्रॅक्टर अजून सुरू करू नका. सीटवर बसा, हात मांडीवर राहू द्या आणि समोरची वाट बघा.

व्हरमाँटमधल्या एका टेकडीच्या कुशीत घर आहे आणि गावाच्या रस्त्यापासून दारापर्यंत शंभरेक मीटरची खडीची वाट. इथे तिला ड्राइव्हवे म्हणतात, मी वाटच म्हणतो. मे महिन्याची सकाळ आहे. काल संध्याकाळी भुरभुर पाऊस पडून गेला, त्यामुळे खडी ओलसर आहे. पाणी मात्र फारसं कुठे साचलेलं नाही. असा दिवस वर्षातून फार वेळा मिळत नाही, म्हणून आज बसलो आहोत.

वाटेवर काय काय आहे, ते नुसतं मोजा. दोन चाकोऱ्या. फाटकाजवळ तीन खड्डे, एकात आभाळाचा तुकडा. चढावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा. दोन्ही काठांच्या गवतात विखुरलेली खडी, जी हिवाळ्यात बर्फ ढकलताना बर्फाबरोबर तिकडे गेली. या राज्यातले निम्म्याहून अधिक रस्ते कच्चेच आहेत आणि मार्च-एप्रिलच्या चिखलाला इथे ‘मड सीझन’ असं स्वतंत्र ऋतूचं नाव आहे. गोठलेली जमीन वरून आधी सुटते, खाली बर्फाचं झाकण तसंच असतं, पाण्याला मुरायला जागा नसते. मग गाडी रुतते आणि माणूस चिडतो. आपण दीड महिना काही न करता थांबलो, हे आपल्या बाजूने एक चांगलं झालं.

आता मान वळवा. मागे तो लटकला आहे. कंपनी त्याला लँडस्केप रेक म्हणते, आमच्या घरात तो दाताळं आहे. सहा फुटांची लोखंडी आडवी दांडी आणि तिच्यातून खाली उतरलेले, इंग्रजी ‘सी’सारखे वळलेले स्प्रिंग स्टीलचे छत्तीस दात. इंजिन बंद आहे, तेव्हा खाली उतरा आणि त्यातला एक दात दोन बोटांनी ओढून सोडा. तो थरथरतो. हाताला ते थरथरणं काही क्षण जाणवू द्या. याच लवचिकपणामुळे मोठा दगड आला तर दात जरा मागे सरतो, दगडावरून जातो आणि पुन्हा जागेवर येतो. नांगर असा सरत नाही. डावीकडून सातवा दात मात्र वाकडा आहे. पहिल्याच वर्षी दात टेकलेले ठेवून मी ट्रॅक्टर मागे घेतला, खाली मेपलचं मूळ होतं. तो सरळ करायचा म्हणतो, दरवर्षी राहून जातं.

पुन्हा बसा. श्वास नेहमीसारखाच चालू द्या.

मला इथे हटकून मैंद आठवते. पेरणीआधी रानातली ढेकळं फोडून सपाटी करायला बैलांच्या मागे ओढायची ती जाड फळी. तिला वजन हवं असायचं, म्हणून आम्हा पोरांना तिच्यावर बसवायचे. धूळ नाकात जायची, पण मान मिळाल्यासारखं वाटायचं. इथले लोक दाताळ्यावर सिमेंटचा ठोकळा बांधतात, नुसत्या दातांना घट्ट जमिनीत शिरता येत नाही म्हणून. पहिल्यांदा शेजाऱ्याचा तो ठोकळा पाहिला तेव्हा मला वाटलं, अरे, इथे मी बसायला हवं होतं.

दाताळं ट्रॅक्टरला तीन ठिकाणी धरलेलं आहे. खाली दोन लोअर लिंक, वर मधोमध एक टॉप लिंक. ही जोडणी हॅरी फर्ग्युसन या उत्तर आयर्लंडच्या माणसाची. 1926 साली त्याने तिच्या मूळ कल्पनेचं पेटंट घेतलं आणि 1939 मध्ये फोर्डबरोबर काढलेल्या ट्रॅक्टरमुळे ती सगळीकडे पसरली. आपल्याकडे रोटाव्हेटर जिला जोडतात तीच ही. गावाकडच्या ‘मॅसी’च्या पूर्ण नावात हाच फर्ग्युसन आहे. पुण्याच्या कॉलेजातला वेगळा, तो मुंबईचा गव्हर्नर. या जोडणीआधी ट्रॅक्टरमागची अवजारं साखळीने किंवा आकड्याने ओढली जात. आता ती ट्रॅक्टरच्या अंगाचाच भाग झाली. एक लिव्हर ढकलली की जमिनीला टेकतात, ओढली की अधांतरी.

टॉप लिंककडे थोडा वेळ बघा. मधला पाइप फिरवला की ती लांब होते किंवा आखूड. दोन-तीन आटे फिरवले तरी दातांचा कोन बदलतो आणि कामही. एका बाजूला गेलं की दात माती उकरायला लागतात, दुसऱ्या बाजूला गेलं की वरवरची खडी नुसती चाळवून पुढे जातात. यात मी तीन वर्षं चुकलो. दात जितके खोल तितकं काम चांगलं, असा हिशोब डोक्यात. एका ऑगस्टमध्ये, कोरड्या ठणठणीत वाटेवर, मी दुपारभर घुसून काम केलं. धुरळ्याचा ढग घरावर गेला. खडीला धरून ठेवणारी बारीक मातकट भुकटी वर आली, आणि पुढच्या दोन पावसांत ती चरात वाहून गेली. राहिले सुटे गोटे, बशीतल्या शेंगदाण्यांसारखे. गाडी चढाला नुसती घसरायची. ओलसर दिवसाची वाट बघायला मी तेव्हापासून शिकलो.

आता इंजिन सुरू करा. लगेच गिअर टाकू नका, त्याचा आवाज कानात स्थिरावू द्या.

आधी काठाने जायचं आहे. दाताळ्याची पिन काढून ते तिरकं केलं आहे, म्हणजे गवतातून ओढलेली खडी दातांवरून सरकत सरकत वाटेच्या मध्याकडे येईल आणि तिथे तिचा वरंबा होईल. लिव्हर हळूच पुढे. टेकलं. चालत्या माणसाच्या वेगाने निघा, त्याहून जास्त नको. दात गवताच्या मुळांना न उपटता त्यांच्यावरून लवत जातात आणि खडी बाहेर पडते. तिचा आवाज ऐका, तांदूळ पाखडल्यासारखा. आवाज जड आणि घोगरा झाला तर समजा खाली मूळ आहे किंवा आपण खोल गेलो. लिव्हर जराशी मागे घ्या.

इथे एक अडचण आहे आणि तिच्यापाशी मुद्दाम थांबायचं आहे. काम मागे चाललंय, जायचं पुढे आहे. मान सारखी मागे वळते. मागे बघत राहिलात की चाक वाकडं जातं, पुढेच बघत राहिलात की वरंबा कुठे सांडतोय ते कळत नाही. समोरचं एक झाड धरा. दहा श्वास त्याच्याकडे बघत जा, मग एकदा मागे, फक्त एकदा, आणि पुन्हा झाड. जे मागे बिघडलं ते पुढच्या फेरीत बघू. वळताना दाताळं उचला, वळून झालं की टेकवा.

चढावरच्या त्या आडव्या लाटांपाशी आलो आहोत. नुसतं वरून फिरवलं तर दात शेंड्यांची खडी खळग्यांत लोटतील, दोन दिवस छान दिसेल आणि तिसऱ्या दिवशी लाटा परत. या लाटा का होतात, ते 2007 मध्ये निकोलास ताबरले, स्टीव्हन मॉरिस आणि जिम मॅकएल्वेन यांनी फिरत्या टेबलावर वाळू पसरून आणि तिच्यावर एक चाक टेकवून दाखवलं. एका ठरावीक वेगाच्या खाली वाळू सपाट राहते, वर गेलं की लाटा आपोआप उठतात. पुढच्या प्रयोगांत त्यांनी चाकाऐवजी तिरकी पट्टी ओढली, तरी तेच. म्हणजे घाईने ओढलं तर आपलं दाताळंसुद्धा लाटा उठवेल. एवढ्या पट्ट्यात ठोकळा बांधा, टॉप लिंक फिरवा आणि लाटेचा तळ सुटेपर्यंत दोन फेऱ्या जास्त घाला. बाकी वाटेला तेवढं खणायची गरज नाही.

शेवटी मधला वरंबा पसरायचा. दाताळं सरळ करा, दात हलके टेकवा. वाटेची पाठ मध्ये उंच राहिली पाहिजे, फुटामागे अर्धा इंच उतार, म्हणजे तीन मीटर रुंद वाटेत मध्य काठापेक्षा सहा सेंटिमीटर वर. डोळ्याला हा उंचवटा जेमतेम दिसतो, पाण्याला मात्र बरोबर कळतो. मी एका वर्षी वाट टेबलासारखी सपाट केली आणि दिवसभर स्वतःवर खूश होतो. आठवड्याने मध्यावर तळी.

शेवटची फेरी वरून खाली, पुन्हा वर. आता काही दुरुस्त करायचं नाही. नवी खडी एक घमेलंही टाकली नाही, होती तीच जागेवर आली. छत्तीस दातांच्या बारीक रेघा मागे उमटत येतात, एका ठिकाणी जरा जास्त अंतर, तो सातवा दात. डोळ्याला खुपलं तरी ते तसंच बघा.

घरापाशी या. दाताळं जमिनीला टेकवा, अधांतरी ठेवून उतरायचं नसतं. इंजिन बंद करा. कान अजून घुमतात. हळूहळू त्यात एक पक्षी ऐकू येतो, मग तापलेल्या सायलेन्सरची टिकटिक. बसून राहा.

स्वयंपाकघराची जाळी उघडल्याचा आवाज. हातात गाडीची किल्ली.

‘‘अहो, झालं ना? मला निघायचंय.’’

‘‘थांब गं. पाच मिनिटं थांब.’’