परदोषप्रकाशन : धर्म की हिंसा?

विकार, विकल्प आणि हिंसा या तीन दोषांपासून साधकाने दूर राहावे, हे मार्गातील आचारनिरूपणाचे सार होय. यांपैकी विकार बहुधा ज्याचा त्याला कळतो. हिंसाही शस्त्राच्या किंवा कठोर शब्दाच्या रूपाने आली म्हणजे ओळखू येते. परंतु तीच हिंसा धर्मरक्षणाचा वेष घेऊन आली म्हणजे जाणताही फसतो. दुसऱ्याचे गुप्त पाप चव्हाट्यावर मांडणे हे धर्मकार्य की वेषधारी हिंसा, हा प्रश्न आज वासनिकांच्या घरातही उभा राहतो. कारण माणसाचे निम्मे खाजगी जीवन आता त्याच्या हातातील फोनमध्ये साठविलेले असते.

प्रश्नाचा विचार एका प्रत्यक्ष घटनेच्या आधारे करणे इष्ट. कॅनडातील टोरांटो येथील एका कंपनीचे 'ॲशले मॅडिसन' नावाचे संकेतस्थळ होते. विवाहितांची विवाहबाह्य गाठ घालून देणे हाच त्याचा उघड व्यवसाय. जुलै २०१५ मध्ये 'इम्पॅक्ट टीम' असे नाव धारण केलेल्या अज्ञात व्यक्तींनी त्याच्या संगणकांत चोरवाटेने शिरून सर्व नोंदी हस्तगत केल्या. संकेतस्थळ बंद करा, अन्यथा सभासदांची माहिती प्रसिद्ध करू, असे त्यांनी बजावले. ते बंद झाले नाही. ऑगस्टमध्ये सुमारे ३ कोटी ६० लाख खात्यांची माहिती जगापुढे टाकण्यात आली. तीत नावे होती, पत्ते होते, पैसे भरल्याच्या नोंदी होत्या, आणि मनातील वासनांची वर्णनेही होती.

येथे पूर्वपक्ष असा : व्यभिचारी मनुष्य आपल्या सहधर्मचाऱ्याचा विश्वासघात करतो. त्याचे पाप झाकणे म्हणजे पापाला आश्रय देणे. शिवाय ती कंपनीही कपटीच. नोंद समूळ पुसण्यासाठी ती १९ डॉलर घेई आणि तरीही माहिती राखून ठेवी. तेव्हा चोराच्या घरची चोरी उघड करण्यात दोष कोणता?

यापैकी कंपनीविषयीचा भाग खरा आहे. कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील गोपनीयता आयुक्तांनी २०१६ मध्ये चौकशी करून तिच्यावर ठपका ठेवला. सुरक्षिततेचे जे मानचिन्ह ती मिरवीत होती तेही बनावट निघाले. परंतु कंपनीच्या अपराधाचे शासन तिच्या कपटाला बळी पडलेल्यांना देणे, हा न्याय नव्हे.

दुसरा विचार प्रमाणाचा. त्या संकेतस्थळावर नाव नोंदविताना दिलेला ई-मेल पत्ता खरोखर त्याच व्यक्तीचा आहे काय, याची पडताळणी होत नव्हती. कोणीही कोणाचाही पत्ता लिहावा, अशी मोकळीक होती. त्या यादीत पापी होते, केवळ कुतूहलाने डोकावलेले होते, पूर्वीच पश्चात्ताप पावून बाहेर पडलेले होते. यादीने सर्वांना एका पंक्तीस बसविले. अप्रमाणाच्या आधारे दुसऱ्याविषयी मन कलुषित करून घेणे, यालाच विकल्प म्हणतात. या बाबतीत महानुभावांनी तरी विशेष सावध असावे. पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिपींत होते. जे झाकलेले आहे ते अनिष्टच असणार, असा तर्क लोकांनी केला, आणि 'मानभावी' हा शब्द मराठीत दांभिक या अर्थाने रूढ झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडली, तेव्हा तीत आद्य मराठी गद्याचे भांडार आढळले. गुप्ततेवरून पापाचे अनुमान किती अनर्थकारक असते, हे ज्यांनी सोसले त्यांनीच ते इतरांविषयी करू नये.

आता पूर्वपक्षातील सर्वांत बळकट मुद्दा. जिची वंचना झाली त्या पत्नीला, किंवा ज्याची झाली त्या पतीला, सत्य कळण्याचा अधिकार नाही काय? निःसंशय आहे. विश्वासघात ही हिंसाच होय, आणि तो लपविणे म्हणजे ती हिंसा रोज नव्याने करणे. परंतु हा अधिकार त्या एका व्यक्तीचा आहे, जगाचा नव्हे. त्या यादीने पत्नीला जे कळविले तेच शेजाऱ्याला कळविले, मालकाला कळविले, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या सोबत्यांनाही कळविले. जिच्यावर अन्याय झाला तिच्या दुःखाचाच तमाशा झाला. क्षमा करावी की वेगळे व्हावे, हे एकांतात ठरविण्याची तिची मोकळीकही गेली.

त्या काळी अमेरिकेतील एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने, यादीत नाव आल्यावर, आत्महत्या केली. आम्ही त्यांना क्षमा केली असती, असे त्याच्या पत्नीने नंतर सांगितले. या एका वाक्यापुढे पूर्वपक्ष निरुत्तर होतो. जिचा अपराध झाला ती क्षमेस सिद्ध होती. ज्यांचा काहीच अपराध झाला नव्हता त्यांनी दंड दिला.

मार्गात दोष घडला असता अनुताप, निवेदन आणि प्रायश्चित्त असा क्रम आहे. दोषी स्वतः खेद पावतो, स्वमुखे सांगतो, आणि सांगितलेले भोगून शुद्ध होतो. यातील प्रत्येक पायरीचा कर्ता तोच असतो. परक्याने केलेल्या प्रकाशनात हा कर्ता नाहीसा होतो. अनुतापाच्या ठिकाणी भय येते, निवेदनाच्या ठिकाणी लज्जा येते, आणि प्रायश्चित्ताच्या ठिकाणी केवळ नाश उरतो. पाप उघडे पडते, पण फिटत नाही.

येथे शंका : लीळाचरित्रात भक्तजनांच्या चुकाही नोंदलेल्या आहेत, मग म्हाइंभटांनी परदोषप्रकाशन केले काय? समाधान : म्हाइंभटांनी कोणाचे घर फोडले नाही. सर्वज्ञांच्या गमनानंतर, नागदेवाचार्यांच्या सान्निध्यात राहून, ज्यांच्यासंबंधी लीळा घडल्या त्यांच्याकडे ते गेले, त्यांना विचारले, त्यांच्या मुखाने ऐकले. ज्याची चूक त्यानेच ती सांगितली, आणि सांगितली ती स्वामींच्या स्मरणार्थ. तेथे दोष हे निमित्त आणि स्वामींची कृपा हा विषय. या यादीत दोष हाच विषय, आणि कृपेला जागाच नाही.

मग वासनिकाने वागावे कसे? अशी यादी समोर आली तर तीत ओळखीची नावे शोधू नयेत. शोधणाराही त्या चोरीचा भागीदार होतो. एखाद्याचा दोष नकळत कळलाच, तर त्याला एकांतात गाठून, आपल्या माणसाला तूच सांग, असे विनवावे. रोग, मारहाण किंवा फसवणूक यांचे भय असेल, तर ज्याला धोका आहे त्यालाच सांगावे, इतरांस नव्हे. आणि जिची वंचना होत आहे तिने सरळ प्रश्न केला, तर असत्य बोलू नये. मौन हे परदोषाच्या प्रसाराला आवर घालण्यासाठी आहे. वंचकाची ढाल होण्यासाठी नाही.

परमेश्वर सर्वज्ञ आहे. प्रत्येक जीवाच्या मनाची वही त्याच्यापुढे अखंड उघडी आहे. अनन्यभक्तीचे नाव घेणाऱ्या साधकाचे मनही दिवसातून किती वेळा अन्यत्र जाते, हे तो जाणतो. ती वही त्याने आजवर चव्हाट्यावर मांडली नाही. जीव फिरावा म्हणून वाट पाहिली. जो सर्व जाणतो तो झाकतो, आणि ज्याला अर्धेमुर्धे कळले तो डांगोरा पिटतो. यांपैकी अनुसरण कोणाचे करावयाचे, हे साधकाला निराळे सांगावे लागू नये.