टाकीच्या तळाशी

मोटार चालवल्याने झिजते हे कोणालाही पटते. ती न चालवल्याने अधिक बिघडते, हे मात्र समजावून सांगावे लागते. पाच-सात वर्षे ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी गाडी बाहेरून धुऊनपुसून चकचकीत करता येते. टायर बदलता येतात, बॅटरी नवी घालता येते. गाडी सुरूही होते, आणि कोसभर गेली की आचके देत बंद पडते. कार्बुरेटर उघडावा तर आत तांबूस गाळ! हा गाळ येतो पेट्रोलच्या टाकीतून, आणि टाकी ही गाडीतली अशी जागा की जिथे मालकाची नजर सहसा पोचत नाही.

टाकी गंजते कशी, हे पाहण्यासारखे आहे. पत्र्याची टाकी अर्धी रिकामी राहिली की उरलेल्या जागेत हवा असते. दिवसा ती तापून प्रसरण पावते, रात्री आकसते. टाकी जणू श्वास घेते. प्रत्येक श्वासाबरोबर थोडी ओल आत जाते. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांनाही बुरशी धरते, तिथे टाकीची काय कथा! ही ओल थंड पत्र्यावर थेंबाथेंबाने जमते आणि खाली उतरते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, लिटरला जेमतेम पाऊण किलो. म्हणून पाणी तळाशी जाऊन बसते. वर पेट्रोल, खाली पाणी, आणि पाण्याखाली लोखंड. वरून डोकावणाऱ्याला टाकीत पेट्रोलच दिसते.

धम्मपदाच्या मलवर्गात गंजाचा दृष्टान्त आहे. गंज लोखंडातूनच उपजतो आणि लोखंडालाच खातो, तशी माणसाची कर्मे माणसाला, असा त्याचा आशय. दृष्टान्त मोठा आहे. पण शाळेतला तीन खिळ्यांचा प्रयोग आठवला की मनात शंका येते. कोरड्या हवेतला खिळा गंजत नाही. उकळून घेतलेल्या आणि वर तेलाचा थर दिलेल्या पाण्यातलाही गंजत नाही. पाणी आणि हवा दोन्ही मिळाली तरच गंजतो. मग दोष एकट्या लोखंडाचा कसा? लोखंडाचा स्वभाव तसा आहे हे खरे, पण ओल आत येऊ देणारा आणि वर्षानुवर्षे झाकण न उघडणारा कोणीतरी असतोच. मुलाची तक्रार घेऊन पालक माझ्या खोलीत येतात, तेव्हा "त्याचा स्वभावच तसा" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की हल्ली मी आधी घरातल्या हवेची चौकशी करतो.

परंतु माझा मुख्य प्रश्न गंज कसा लागतो हा नाही. लागलेल्या गंजाचे काय करायचे, हा आहे. आमच्या परिचयातल्या एका निवृत्त डॉक्टरांकडे १९८६ सालची पद्मिनी होती. पत्नी गेल्यापासून ती उभीच. पुतण्याचे म्हणणे पडले, काका, टाकीला आतून लेप मारून घ्या आणि गाडी विकून टाका. जुन्या फियाटला हल्ली हौशी गिऱ्हाईक मिळते. डॉक्टरांनी टाकी उतरवून गॅरेजवाल्यापुढे ठेवली. त्याने आत बॅटरीचा उजेड पाडला, बोटाने पत्रा वाजवून पाहिला आणि म्हणाला, "तुक्कू काढतो ओ डॉक्टर, पण ह्या तुक्कूनंच टाकीला धरलंय. तो गेला की टाकी गळतीय बघा."

(आपल्याकडच्या कारागिराला गंज आणि तुक्कू हे दोन्ही शब्द सारखेच जवळचे. मराठीत गंज म्हणजे पातेलेही आणि गवताची रासही, तेव्हा त्याने कन्नड शब्द उचलला यात सोयच अधिक.)

कारागिराचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते. लोखंडाचा गंज होताना त्याचे आकारमान दुपटीहून अधिक वाढते. खाल्लेल्या पत्र्याचे भोक गंज स्वतःच बुजवून ठेवतो. म्हणजे साफसफाईसारखे निर्मळ काम हाती घेतल्यावर वस्तू तूर्त तरी आधीपेक्षा वाईट होते. तेव्हा गंज काढणारा भोकाला जबाबदार आहे काय?

घराघरांत हा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. वडील गेल्यावर जमिनीच्या हिशेबाचा कागद काढा म्हणणारा भाऊ घर मोडणारा ठरतो. कागद दाबून ठेवणारा मात्र सगळ्यांना धरून राहिलेला, सोशिक! मला हा न्याय पटत नाही. भोक आम्लाने पाडलेले नसते. ते आधीच पडलेले असते, आम्ल फक्त दाखवते. मात्र दाखवणाऱ्यावर एक कर्तव्य येते, ते असे की त्याने डाग द्यायची तयारी करूनच टाकी उघडावी. केवळ भोके मोजून निघून जाणारे सत्यवादी मी बरेच पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी मला फारसा आदर नाही.

शिवाय टाकीत काय आहे हेही पाहावे लागते. पाण्याची टाकी ठिबकली तर अंगण ओले होते. पेट्रोलची ठिबकली तर रस्त्यावरच्या परक्या माणसाच्या जिवाशी गाठ. आपल्यापुरता दोष झाकून ठेवण्याची मुभा माणसाला असावी, असे मी म्हणेन. डॉक्टर गाडी विकणारच नसते आणि ती आठवण म्हणून अंगणात उभी राहणार असती, तर त्या टाकीला हात लावू नये असेच माझे मत पडले असते. पण लेप मारून ती दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे दोषाबरोबर अज्ञानही विकणे.

प्रत्येक गंज काढण्याच्याच लायकीचा असतो असेही नाही. दिल्लीला मेहरौलीचा लोहस्तंभ दीड हजारांहून अधिक वर्षे उघड्यावर उभा आहे. कानपूरच्या आयआयटीतील आर. बालसुब्रमण्यम यांनी २००० साली मांडले की त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, आणि त्यामुळे गंजण्याच्या क्रियेतूनच एक पातळ, घट्ट थर तयार होऊन तो आतल्या लोखंडाचे रक्षण करतो. तो थर खरवडणे हा अपराध ठरेल. काही घरांतले जुने तंटे असेच विस्मरणाच्या पातळ थराखाली स्थिरावलेले असतात. ते उकरू नयेत. ओळखायचे कसे? टाकीतला गंज पापुद्र्यांनी सुटतो, त्याखाली पुन्हा ओल शिरते, आणि त्याची रज पेट्रोलबरोबर पुढे जात राहते. जो थर रोजच्या व्यवहारात गाळ सोडत नाही, त्याला खुशाल राहू द्यावे.

काढायचाच ठरला तर रीत कोणती? नटबोल्ट घालून टाकी खुळखुळवतात, ते ठीक. संडास धुण्याचे ॲसिड ओततात. ते तासाभरात काम करते, पण गंज संपला की चांगला पत्राही खाऊ लागते. सायट्रिक आम्ल सौम्य. याहून हळू रीत विजेची. टाकीत धुण्याच्या सोड्याचे पाणी भरायचे, मध्ये टाकीला स्पर्श न होईल अशी साध्या लोखंडाची सळई सोडायची, बॅटरी चार्जरची ऋण तार टाकीला आणि धन तार सळईला जोडायची. गंज सुटतो, शाबूत पत्रा वाचतो. खंगते ती सळई. स्टेनलेस स्टीलची सळई वापरू नये, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन वायूही निघतो, म्हणून हे काम उघड्यावर. वेळ मात्र एक-दोन दिवसांचा जातो. शिस्त लावण्याच्याही या दोन रीती शाळेत आहेत, आणि पालकांची मागणी बहुतेक वेळा पहिलीची असते.

डॉक्टरांनी दुसरी रीत पत्करली. दोन भोके निघाली. डाग देण्याआधी कारागिराने टाकी पुन्हा पुन्हा धुतली, कारण रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची. आतली वाफ भडकते. धुतल्यावर ताबडतोब वाळवून तेलाचा हात फिरवला. नुकता साफ केलेला पत्रा इतका उघडा असतो की ओला राहिला तर थोड्याच वेळात पुन्हा तांबूस दिसू लागतो.

गिऱ्हाइकाला डॉक्टरांनी डाग दाखवून पैसे कमी घेतले. पुतण्या अजून त्यांना भोळे समजतो. कारागिराने नळीत पारदर्शक फिल्टर बसवून दिला आणि नव्या मालकाला बजावले, टाकी भरलेली ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये उसाचे इथेनॉल असते, ते ओल ओढून घेते. शिवाय पहिले काही महिने फिल्टरमध्ये तांबडी रज येईल. ती आली म्हणून घाबरायचे नाही, आणि येईनाशी झाली तरी आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघायचे.