केंद्र कुठे असावे?

बस, भाड्याची सायकल आणि सामायिक मोटार एकाच जागी मिळावी म्हणून अनेक शहरांत सामायिक वाहतूक केंद्रे उभारली जातात. जर्मनीतील ब्रेमेनने २००३ मध्ये ‘मोबिल.पुंक्ट’ नावाने त्यांची सुरुवात केली. केंद्राची जागा ठरवणे हे वरकरणी नकाशाचे आणि गणिताचे काम आहे. मुळात तो न्यायाचा प्रश्न आहे.

समजा, एका रस्त्यावर ९०० लोकांची वस्ती आहे आणि तिच्यापासून तीन किलोमीटरवर १०० लोकांची. केंद्र एकच उभारायचे आहे. ते मोठ्या वस्तीत ठेवले, तर सर्वांची मिळून पायपीट ३०० किलोमीटर होते. बरोबर मध्यावर ठेवले, तर १,५०० किलोमीटर. बेंथम आणि मिल यांच्या उपयुक्ततावादाला पहिली जागा पटेल, कारण तिथे एकूण त्रास कमीत कमी आहे. मात्र तो सगळा शंभर जणांच्या वाट्याला येतो. मध्यावरच्या जागेने सर्वांत दूरच्या माणसाचे अंतर निम्म्यावर येते. जॉन रॉल्स यांनी ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ (१९७१) या ग्रंथात सर्वांत वंचितांच्या हिताला दिलेले प्राधान्य या जागेकडे झुकते. गांधीजींनाही बहुसंख्यांच्या सुखाचे सूत्र मान्य नव्हते. रस्किनच्या ‘अन टू धिस लास्ट’चे त्यांनी १९०८ मध्ये गुजरातीत केलेले रूपांतर ‘सर्वोदय’ या नावाचे आहे.

तरीही दूरचा तोच वंचित, असे नाही. साधन उपलब्ध असणे आणि ते वापरता येणे यांत अमर्त्य सेन फरक करतात. केंद्र दारात असूनही स्मार्टफोन, वाहन परवाना किंवा अनामत रक्कम नसेल, तर ते निरुपयोगीच. रात्री तिथवरचा रस्ता अंधारा असेल, तर अनेक स्त्रियांसाठी दोनशे मीटरही लांब पडतात.

नियोजनात सहसा मागणी मोजली जाते. पण आकडेवारीत झालेले प्रवासच नोंदले जातात. वाहन नाही म्हणून हुकलेली नोकरी किंवा टळलेली दवाखान्याची फेरी त्यात येत नाही. अशा आकड्यांवर जागा ठरवल्या की सोय असलेल्या भागालाच आणखी सोय मिळते. कारेल मार्टेन्स यांनी ‘ट्रान्सपोर्ट जस्टिस’ (२०१७) या पुस्तकात याच पद्धतीवर टीका करून प्रत्येकाला पुरेशी पोहोच मिळण्याचा आग्रह धरला आहे.

कार्यक्षमतेला यात जागा आहे, पण दुसरी. आधी प्रत्येक वस्तीला किमान सोय द्यावी आणि उरलेली केंद्रे गर्दीच्या हिशेबाने वाटावीत, हाच न्याय्य क्रम होय.