नावेत काय आहे?

समुद्र ओलांडावा की ओलांडू नये, हा हिंदू धर्मविचारातला फार जुना वाद आहे. नवरा-बायकोने निव्वळ आनंदासाठी समुद्रावर जावे का, हा त्याचा अगदी अलीकडचा पोटप्रश्न. कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणाऱ्या लाइनवर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ज्यांची सारी उमर फलाटावर लोकलची वाट पाहण्यात गेली, अशी निवृत्त जोडपी आता अमेरिकेत मुला-मुलीकडे जातात आणि तिथून सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझवर पाठवली जातात. ‘पाठवली जातात’ हेच खरे, कारण तिकीट बहुधा मुले काढतात. पूर्वी मुलगा कमावता झाला की आईवडिलांना काशीला नेत असे. काशीची जागा क्रूझने घेतली, असे कुणी म्हणत नाही, पण घरातला मान आणि पाठवणीचा थाट पाहिला तर काहीतरी अदलाबदल झाली आहे हे लपत नाही.

शास्त्राचे म्हणणे काय होते, हे आधी पाहावे लागते. बौधायन धर्मसूत्रात पतित करणाऱ्या कर्मांच्या यादीत समुद्रगमन अगदी पहिले आहे. त्यावरचे प्रायश्चित्तही कडक आहे: तीन वर्षे दर चौथ्या भोजनवेळेलाच, तेही मोजके खायचे, त्रिकाळ स्नान करायचे, दिवस उभ्याने आणि रात्र बसून काढायची. (क्रूझवर खाण्याची सोय जवळपास चोवीस तास असते. प्रायश्चित्ताचा याहून नेमका उलटा आराखडा कुणाला मुद्दाम आखताही आला नसता.) मनुस्मृती समुद्रयात्रा करणाऱ्या ब्राह्मणाला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळते, आणि तीच स्मृती दुसरीकडे समुद्रमार्गे होणाऱ्या मालवाहतुकीचे दर कसे ठरवावेत याचा विचार करते. पुढे कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात वर्ज्य ठरवलेल्या आचारांच्या, यादीत निर्बंध आणखी आवळला गेला. समुद्रावर गेलेला द्विज प्रायश्चित्ताने शुद्ध झाला तरी त्याच्याशी व्यवहार ठेवू नये, असे ठरले. म्हणजे पाप धुतले जाईल, पण पंगत परत मिळणार नाही.

या शेवटच्या नियमातच विरोधाचे खरे कारण दिसते. पाणी अपवित्र असते तर समुद्रस्नानाला पर्वकाळी पुण्य कसे लागले असते? भीती पाण्याची नव्हती. जहाजावर स्नान-संध्या चुकते, कुणाच्या हातचे काय पोटात जाते याचा भरवसा राहत नाही, आणि परतलेला माणूस पूर्वीचाच आहे याला साक्षीदार नसतो. आचार देशाला बांधलेला होता. हाच बौधायन सिंधू, सौवीर, सुराष्ट्र आणि चक्क दक्षिणापथातल्या लोकांनाही संकीर्ण वंशाचे ठरवतो. त्या मापाने उल्हासनगरचे सिंधी आणि बदलापूरचे मराठी, दोघेही घर न सोडताच संशयित ठरतात.

निषेध लिहिला गेला, पण कोकणाने तो कितपत पाळला हा वेगळा प्रश्न आहे. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले, शिलालेखाप्रमाणे शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मधले. ते पुरे झाले तेव्हा मम्वाणी राज्य करीत होता. त्याच घराण्यातल्या अनंतदेवाचा शके १०१६ चा खारेपाटण ताम्रपट उपलब्ध आहे. त्यात राजाने आपल्या दोन अमात्यांच्या गलबतांना ठाणे, सोपारा, चौल आणि नागपूर या बंदरांत जकात माफ केली आहे. (हे नागपूर कोकणातले बंदर, विदर्भातले शहर नव्हे.) मंदिर बांधणाऱ्या घराण्याला समुद्राचे वावडे नव्हते, उलट गलबतांवर त्याचे राज्य चालत होते. पेशव्यांच्या पुण्यात किंवा काशीच्या पाठशाळेत बसून समुद्राविषयी जे मत होते, ते खाडीकाठच्या माणसाचे असेलच असे नाही.

आधुनिक काळात हा प्रश्न एका दांपत्याने ऐरणीवर आणला, आणि तेही याच भागातले होते. कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना नवव्या वर्षी पोस्टात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशींशी लग्न होऊन आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, आणि वैद्यकी शिकायची हे ठरले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण करून अमेरिकेला का जायचे ते सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांचे म्हणणे होते. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात पदवी मिळाली.

आनंदीबाईंनी शास्त्राशी भांडण मांडले नाही, त्याच्या भीतीचे मूळ ओळखले. आचार देशाला बांधलेला असेल तर तो माणसाला बांधून नेता येतो की नाही, एवढेच त्यांना पाहायचे होते. लुगडे, शाकाहार, कुंकू हे सारे त्यांनी सोबत नेले, आणि त्याची किंमत शरीराने मोजली. गोपाळराव दोन वर्षांनी, १८८५ मध्ये गेले. जाताना दोघांची जहाजे वेगळी होती. परतीचा प्रवास १८८६ च्या अखेरीस एकत्र झाला, तेव्हा आनंदीबाईंना क्षयाने ग्रासले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. एकविसाव्या वर्षी संपलेल्या या आयुष्यात नवऱ्यासोबतचा तो समुद्रप्रवास कुठल्या अर्थाने ‘सहप्रवास’ होता, हे शब्दात धरणे अवघड आहे.

दुसरी ओलांडणी याहून मोठी, पण तिच्यावर धर्मनिर्णय मागायला कुणाला फुरसत नव्हती. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे कराचीहून बोटीने मुंबईला आली आणि त्यांतली हजारो कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत वसवली गेली. १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. या लोकांचा देवच पाण्यातला: माशावर बसलेला झुलेलाल. चेटीचंडच्या सणाला बहराण्याचा नैवेद्य पाण्यात सोडला जातो, चालिहोच्या व्रताचे चाळीस दिवस पाळले जातात. सिंधू नदी मागे राहिली आणि पूजा वालधुनी-उल्हास नद्यांच्या काठी सुरू राहिली. नदी बदलून देव तोच राहतो का, हा प्रश्न तत्त्वज्ञाला अवघड वाटेल. श्रद्धावंताला तो पडतच नाही, कारण पाणी हे त्याच्या लेखी एकच आहे.

याच समाजाचा कॅरिबियनशीही संबंध आहे. सिंधमधल्या हैदराबादचे व्यापारी फाळणीच्या बरेच आधीपासून जपानमधल्या कोबेपासून पनामापर्यंत पेढ्या चालवत. आजही सेंट मार्टिन बेटावरच्या फिलिप्सबर्गमध्ये क्रूझचे प्रवासी उतरतात, तेव्हा घड्याळे-दागिन्यांच्या ड्यूटी फ्री दुकानांच्या गल्ल्यावर सिंधी माणूस भेटणे नवलाचे नाही. बदलापूरचे जोडपे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला भाव करायला लागते आणि समोरून हिंदीत उत्तर येते. उल्हासनगरच्या कॅम्पात झाला असता तसाच हा सौदा.

आता मूळ विषय, म्हणजे क्रूझ. जहाज मायामीहून निघते, तीन-चार बंदरांना लागते आणि मायामीलाच परत येते. २०२४ मध्ये सुरू झालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज ३६५ मीटर लांब आहे, पंधरा डब्यांच्या लोकलपेक्षाही लांब. त्यावर साडेसात हजार प्रवासी मावतात. पोहण्याचे तलाव, नाटकगृह, दुकाने सगळे वर असते. आधी सांगितले तर शाकाहारी आणि बऱ्याच ठिकाणी जैन जेवणही मिळते. काही कंपन्यांनी तर स्वतःची बेटेच ठेवली आहेत. प्रवासी बेटावर उतरतो, वाळूत बसतो, पण तिथली खुर्चीही जहाजाचीच असते.

ज्या भीतीने बौधायनाने समुद्र निषिद्ध केला, ती भीती इथे पूर्णपणे मिटली आहे. काही सुटत नाही, काही मोडत नाही, कुणाच्या हातचे खावे हा प्रश्न मेनूकार्डावरच्या हिरव्या पानाने सुटतो. अडचण हीच आहे. तीर्थयात्रेचे पुण्य पोहोचण्यात असते, आणि पोहोचण्यासाठी आधी काहीतरी सोडावे लागते. अंबरनाथच्या गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जमिनीखाली जावे लागते. ज्याला उतरायचे नाही त्याला पिंडीपाशी जाता येत नाही. क्रूझवरचा माणूस कुठे जात नाही. तो आहे तिथेच राहतो आणि समुद्र त्याच्याखालून जातो. क्रूझला यात्रा म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे. एवढे मान्य केले की मग तिच्यावर पापाचा आरोप ठेवण्याचेही कारण उरत नाही.

कारण सुखालाही धर्मात जागा आहे. विवाहविधीत वर वचन देतो ते धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींत पत्नीला सोडून न वागण्याचे. पहिल्या दोन वचनांचे काय होते ते मध्यमवर्गीय घरात दिसतेच: सणवार एकत्र होतात, हप्ते एकत्र फेडले जातात. तिसरे वचन मात्र सहा-सतराची लोकल, डबा, मुलांच्या परीक्षा आणि सासूबाईंचे आजारपण यांत राहून जाते. साठीनंतर डेकच्या कठड्याशी दोन माणसे काही न बोलता उभी असतात, तेव्हा थकलेल्या हप्त्यांपैकी एक फेडला जात असतो. मनूने नातवंड पाहिल्यावर वनात जायला सांगितले आणि पत्नीला सोबत नेण्याची मुभा ठेवली. क्रूझ म्हणजे वानप्रस्थ नव्हे, तिथे त्यागाचा मागमूस नाही. पण घराच्या किल्ल्या दुसऱ्याकडे देऊन दोघांनीच निघण्याचा सराव तिथे होतो, आणि वयाच्या त्या टप्प्यावर तो निरुपयोगी नाही.

या सुखाची दुसरी बाजू त्याच जहाजावर असते. बिछाना आवरणारा, ताट उचलणारा, इंजिनात काम करणारा खलाशी अनेक महिन्यांच्या करारावर घर सोडून आलेला असतो. त्यांत गोव्याची आणि मुंबईची माणसेही असतात. एका जोडप्याच्या सहवासासाठी दुसरी जोडपी ताटातूट सोसतात. याच समुद्राने आणखी जुनी ताटातूट पाहिली आहे. १८४५ मध्ये ‘फातेल रझाक’ जहाजाने त्रिनिदादला पहिले गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध, मजूर उतरवले. काळे पाणी ओलांडल्यावर जात मागे राहिली आणि ‘जहाजी भाई’ हे नवे नाते जन्मले. तिथल्याच सिवदास साधू नावाच्या मजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर मंदिर बांधले. ते पाडले गेले, त्याला तुरुंगात जावे लागले. मग त्याने समुद्रातच भराव घालून पुन्हा मंदिर उभारायला घेतले, कारण पाणी कुणाच्या मालकीचे नव्हते. आचार सुटेल म्हणून ज्या पाण्याला शास्त्र भ्याले, त्याच पाण्यात देवाला जागा मिळाली.

व्यवहारातला एक बारीक प्रश्न राहतो. बदलापुरात पूजेला बसलेला यजमान संकल्पात जंबुद्वीप, भरतवर्ष आणि गोदावरीचे दक्षिण तीर सांगतो. अमेरिकेतले पुरोहित त्याऐवजी क्रौंचद्वीप म्हणतात. चालत्या जहाजावर काय म्हणावे? तिथे देश दर तासाला बदलतो, आणि तिथी सूर्योदयावर धरायची तर सूर्योदयही रोज वेगळ्या जागी होतो. केबिनमध्ये स्तोत्र म्हणणारी मंडळी संकल्प वगळतात आणि फक्त नाव-गोत्र सांगतात. देशाविना उरलेला आचार म्हणजे एवढाच असतो.

परतल्यावर प्रायश्चित्त आता कुणी मागत नाही. बऱ्याच घरांत सत्यनारायण मात्र होतो. त्या पूजेला दांपत्य शेजारी-शेजारी बसते आणि कथा ऐकते ती समुद्रावर जाणाऱ्या साधुवाण्याची. ज्या धर्माने समुद्र वर्ज्य केला, त्याचीच सर्वांत घरगुती पूजा जहाजाच्या गोष्टीवर उभी आहे. वाणी जावयाला घेऊन व्यापाराला जातो, लीलावती आणि कलावती घरी राहतात. पुढे त्याच्यावर जी संकटे येतात, त्यांतले एकही समुद्र ओलांडल्याबद्दल नाही. व्रत करीन म्हणून केले नाही, यासाठी तो तुरुंगात जातो. नवरा आला या घाईत कलावती प्रसाद टाकून धावते, म्हणून किनाऱ्याशी आलेली नाव दिसेनाशी होते. आणि दंडी संन्याशाच्या वेषातला देव नावेत काय आहे असे विचारतो, तेव्हा वाणी पाने-वेली म्हणून खोटे सांगतो, आणि नावेत खरोखरच पाने-वेली होतात.

मुंबईच्या विमानतळावर परतलेल्या जोडप्याला हिरव्या आणि लाल मार्गांच्या पाट्यांपाशी हाच प्रश्न पडतो. फिलिप्सबर्गची सोन्याची साखळी तिच्या गळ्यात असते, पावती त्याच्या खिशात.