शेल बीचला जायचं कसं?

माणूस म्हणजे त्याच्या आठवणींची बेरीज, असं सध्या फार ठामपणे सांगितलं जातं. गेलेल्या माणसाचे मेसेज, पत्रं, आवाज संगणकाला पुरवायचे आणि त्याच्याशी पुन्हा ‘बोलायचं’, अशा सेवा आता विकत मिळतात. त्यांचे समर्थक म्हणतात, आठवणी राखल्या की माणूस राखला. मला हा दावा चुकीचा वाटतो आणि घातकही. त्याचा समाचार घेण्यासाठी मी एका चित्रपटाकडे वळतो, कारण या दाव्याची इतकी कठोर परीक्षा दुसऱ्या कुठल्या कलाकृतीने घेतलेली मला माहीत नाही.

अ‍ॅलेक्स प्रोयासचा ‘डार्क सिटी’ १९९८ साली आला. पुढच्याच वर्षी ‘द मॅट्रिक्स’ आला. त्यात ‘डार्क सिटी’चे सिडनीतले काही सेटही वापरले गेले, आणि त्याच्या गाजावाजात हा चित्रपट झाकोळला. कथा अशी: जॉन मरडॉक एका हॉटेलात, बाथटबमध्ये जागा होतो. त्याला काही आठवत नाही. खोलीत एका स्त्रीचं प्रेत आहे आणि पोलीस मागावर आहेत. या शहरात सूर्य उगवत नाही. रात्री बाराच्या ठोक्याला माणसं असतील तिथे झोपी जातात, इमारती वाढतात, आक्रसतात, आणि डॉ. श्रेबर झोपलेल्यांच्या कपाळात सुई खुपसून नव्या आठवणी भरतो. जेवायला बसलेलं एक गरीब जोडपं त्याच टेबलाशी श्रीमंत होऊन जागं होतं, आणि आपण कालपर्यंत कोण होतो याचा त्यांना मागमूसही नसतो. हे घडवणारे ‘परके’ मृतांच्या देहात राहतात. त्यांची सगळ्यांची मिळून एकच स्मृती आहे आणि त्यांची जमात मरणपंथाला लागली आहे. माणसाला माणूसपण कशामुळे येतं, एवढंच त्यांना हुडकायचं आहे.

आठवणी म्हणजेच माणूस, हा विचार जुना आहे. तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ साली, मानवी आकलनावरच्या आपल्या निबंधाच्या दुसऱ्या आवृत्तीत, राजपुत्र आणि चांभाराचं उदाहरण दिलं. राजपुत्राची जाणीव, त्याच्या गतायुष्यासकट, चांभाराच्या देहात शिरली तर ती व्यक्ती राजपुत्रच, असं त्याचं म्हणणं. परके लॉकचाच प्रयोग रोज रात्री करतात. आज एखाद्यात खुन्याच्या आठवणी भरल्या तर उद्या तो खून करेल का, हे त्यांना पाहायचं असतं. मरडॉकवर तोच प्रयोग चालू असताना तो मध्येच जागा झाला. पुढे त्याचा माग काढण्यासाठी परक्यांपैकी मिस्टर हँड त्याच आठवणी स्वतःला टोचून घेतो. मरडॉक मे नावाच्या वेश्येच्या घरी जातो आणि तिला इजा न करता निघून येतो. नंतर हँड तिचा खून करतो. मरडॉकला टोचणी अर्धवटच झाली होती, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याहून मोठा पुरावा खुद्द परके आहेत. आठवणींमुळेच व्यक्ती घडत असती, तर अख्ख्या जमातीची स्मृती बाळगणारे हे जीव सर्वांत संपन्न व्यक्ती ठरायला हवे होते. त्यांच्यात एकही व्यक्ती नाही, आणि ते त्यांनाही कळलं आहे.

इथवर मी चित्रपटाच्या बाजूने बोललो. आता त्याच्या विरोधात बोलणं भाग आहे. शेवटी मरडॉक आपल्या डोक्याकडे बोट दाखवून हँडला सांगतो, तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधत होता. चाहत्यांना हे उत्तर फार आवडतं: माणूसपण डोक्यात नसतं, हृदयात असतं. पण मरडॉक जिंकला कशाने? श्रेबरने परक्यांना चकवून टोचलेल्या सुईने. त्या सुईत मरडॉकचं कधीच न घडलेलं बालपण होतं आणि त्या बालपणात श्रेबर गुरू होऊन येत होता, लढायला शिकवत होता. तीही टोचलेलीच आठवण, तीही डोक्यातच गेलेली. हृदयाची भाषा करणारा चित्रपट ऐनवेळी डोक्याच्याच आश्रयाला जातो.

मग परक्यांची सुई आणि श्रेबरची सुई यांत फरक काय? इथे मला लॉकपेक्षा आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे विचारवंत, जास्त उपयोगी पडतात. स्मृतीबद्दल त्यांच्याइतका कडक विचार फार थोड्यांनी केला आहे. त्यांनी स्मृतीला यथार्थ अनुभवाच्या पंक्तीला बसवलं नाही. स्मृती केवळ संस्कारातून उपजते, संस्कार अनुभवातून पडतो. म्हणून स्मृतीची पत ही मूळ अनुभवाकडून उसनी घेतलेली असते. उदयनाचार्य तर बजावतात की एकाने पाहिलेलं दुसऱ्याला आठवू शकत नाही. पण आठवणींना दुय्यम ठरवून नैयायिक थांबत नाहीत. जे मी पाहिलं तेच आता हाताने चाचपतो, असं म्हणताना दोन ज्ञानांना जोडणारा कुणी एक असावा लागतो. त्यांच्या दृष्टीने तोच आत्मा. आठवणी त्याच्याकडे असतात. तो आठवणींचा बनलेला नसतो. शिवाय त्यांनी सोळा पदार्थांत संशयाला तिसरं स्थान दिलं. नित्य आत्म्यावर माझा विश्वास नाही, पण जोडणारा आणि संशय घेणारा हे जोडीने ठेवावेत, हे मी त्यांच्याकडून घेतो.

संस्कार आहे आणि त्यामागे अनुभवच नाही, अशी अवस्था म्हणजे शेल बीच. मरडॉकला बालपणातला तो समुद्रकिनारा आठवतो. शहरात ज्याला विचारावं त्याला तो माहीत असतो. टॅक्सीवाल्याचा तर मधुचंद्र तिथे झालेला. पण तिथे जायचं कसं, हे सांगताना तो अडखळतो, आणि हसून सोडून देतो. मरडॉक सोडून देत नाही. माझ्या मते तो माणूस ठरतो तो याच क्षणी, पुढे परक्यांवर मात करणाऱ्या त्याच्या शक्तींमुळे नव्हे. इन्स्पेक्टर बमस्टेडही त्याच वाटेने मोकळा होतो. आरोपीला पकडायला निघालेला हा शिस्तीचा अधिकारी आपल्याच भूतकाळाची तपासणी सुरू करतो. परक्यांची सुई देणाऱ्याला लपवते आणि प्रश्न मिटवते. श्रेबरच्या सुईत देणारा समोर उभा असतो, हे मी तुला देतो आहे म्हणून सांगतो. उसन्या आठवणी आपल्या सर्वांकडेच असतात. दोन वर्षांचे असताना आपण काय केलं, ते आजीने सांगितलेलं असतं. पण आजीला उलट विचारता येतं.

निर्मात्यांना मात्र प्रेक्षकाचा संशय परवडला नाही. त्यांच्या आग्रहाने सुरुवातीलाच निवेदन घालून सगळं रहस्य सांगून टाकलं गेलं. ते २००८ च्या दिग्दर्शकीय आवृत्तीत निघालं. चित्रपटाच्या आशयाशी याहून मोठी प्रतारणा झाली नसती.

मृतांचे मेसेज गिळलेल्या यंत्राची अडचण आता सांगता येते. त्याच्याकडे नोंदी आहेत, त्या नोंदींमागचा अनुभव नाही, आणि ‘हे खरंच माझ्या बाबतीत घडलं का?’ असा खटका त्याला आतून बसत नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला सर्वांत जास्त सतावतो. संशय घेणारा तो माणूस, असं म्हटलं तर स्मृतिभ्रंश झालेल्यांचं काय? ब्रिटिश संगीतकार क्लाइव्ह वेअरिंगला १९८५ मध्ये मेंदूचा संसर्ग झाला. त्यानंतर नवी आठवण काही क्षणांपलीकडे टिकेना. आपण आत्ताच जागे झालो असं तो डायरीत लिहायचा, आधीची नोंद खोडायचा आणि पुन्हा तेच लिहायचा. तरी तो पियानो वाजवत होता, आणि बायको दिसली की आनंदाने तिला सामोरा जात होता. लॉकच्या हिशेबात हा माणूस दर मिनिटाला संपतो. माझ्या हिशेबातही तो अडचणीत यायचा. म्हणून हिशेब बदलायला हवा: जोडण्याचं काम एकट्यानेच करावं असं कुठे आहे? मरडॉकची बायको म्हणून वावरलेली एमा शेवटी अ‍ॅना झालेली असते. तिला काही आठवत नाही. मरडॉकला आठवतं, तरीही तो तिच्यावर जुनं नाव लादत नाही. तिची नव्याने ओळख करून घेतो.

ज्याची स्मृती गेली त्याच्या वतीने इतरांनी वाट लक्षात ठेवायची, आणि ती ठेवताना त्याच्या आजच्या रूपाला नाकारायचं नाही, ही जबाबदारी जिवंत माणसांची जिवंत माणसांशी आहे. ती कुठल्याही यंत्राला किंवा सत्तेला ठेक्याने देता येणार नाही.