दिल्ली दरवाजापाशी

बेळ्ळंदूरच्या तळ्याजवळ बदलीच्या नोकरीपायी बिऱ्हाड केलेल्या आम्हां मराठी मंडळींकडे देशावरून पाहुणा आला, की चहा संपण्यापूर्वीच तो विचारतो, "शहाजीराजांचा किल्ला कोठे आहे?" परवा असेच एक वडीलधारे स्नेही आले. त्यांस घेऊन आम्ही कृष्णराजेंद्र बाजारानजीक गेलो. वाहनांच्या गदारोळात तेथे दिल्ली दरवाजा, तटाचा एक तुकडा आणि आत गणपतीचे लहानसे देऊळ एवढेच शिल्लक आहे. बाकीचा किल्ला रस्ते, शाळा आणि इस्पितळे यांनी हळूहळू गिळला. पाहुण्यांचा चेहरा उतरला. "एवढेच?"

आम्हांस उगाच अपराध्यासारखे वाटले. रणदुल्लाखानाच्या विजापुरी फौजेने १६३८ मध्ये हे शहर घेतले, ते शहाजीराजांस जहागिरीत मिळाले, त्यांचा येथे गौरीमहाल होता असे म्हणतात, हे सारे आम्ही उत्साहाने सांगू लागलो. आणि बोलण्याच्या भरात 'आपला किल्ला' हे शब्द तोंडून गेले.

आपला कोणत्या अर्थाने? मूळ कोट केंपेगौडांनी १५३७ मध्ये घातला, तो मातीचा. समोरचे दगड हैदरअलीच्या काळचे. व्यंकोजीराजांच्या हातून शहर १६८७ मध्ये मोगलांकडे आणि तेथून म्हैसूरकरांकडे गेले. म्हणजे आपलेपणाची मुदत पन्नास वर्षांचीही नव्हे, आणि तिचा आरंभही दुसऱ्याच्या पराभवात. तरीही पूर्वजांचा अभिमान बाळगू नये असे आम्ही म्हणणार नाही. परमुलखात राहणाऱ्यास असा एखादा दगड लागतोच.

पण वारसा निवडून घेता येतो काय? कॉर्नवॉलिसने हा किल्ला २१ मार्च १७९१ च्या रात्री घेतला, त्या मोहिमेत पेशव्यांची फौज इंग्रजांची दोस्त होती. त्याच वर्षी पटवर्धनांच्या सैन्याबरोबरच्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला. मठाच्या पुनःस्थापनेस साहाय्य पाठविले ते टिपूने. त्याची पत्रे आजही उपलब्ध आहेत. वडिलार्जित घर घ्यावे आणि त्यावरचे कर्ज शेजाऱ्याने फेडावे, असा व्यवहार आमच्या कचेरीत कोणी मांडला तर आम्ही त्याचा कागद परत करू. इतिहासात मात्र आम्ही तोच बिनदिक्कत करीत असतो.

इंग्लंडात फॉदरिंगे येथील किल्ला असाच नाहीसा झाला. उरला आहे एक हिरवा उंचवटा आणि बांधकामाचा एक लहान ढेकूळ. तेथे १४५२ मध्ये तिसरा रिचर्ड जन्मला आणि १५८७ मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद झाला. जन्म तेवढा आपला आणि कुऱ्हाड परक्याची, असे त्या उंचवट्यापाशी उभे राहून इंग्रजास म्हणता येणार नाही. दोन्ही त्याच्या घरचीच.

हे आम्ही पाहुण्यांस दरवाजातच, काहीशा अडखळत, सांगितले. ते रागावतील अशी भीती होती. ते रागावले नाहीत. गणपतीपुढे हात जोडून बाहेर आले. परतताना बेळ्ळंदूरच्या अलीकडे वाहनांची रांग खोळंबली, तेव्हा ते अचानक म्हणाले, "शृंगेरीचे तुम्ही मुलांना सांगता का हो?"

आम्ही सांगितले नव्हते.