शंकासमाधान : कृपादान कुणासाठी?

पेन्टेकॉस्टच्या रविवारी बहुतेक चर्चमधून कृपादानांवर, म्हणजे देवाच्या आत्म्याने दिलेल्या देणग्यांवर, उपदेश झाला असावा, कारण त्यानंतरच्या टपालात चार पत्रं त्याच विषयाची निघाली. यावेळी तीच घेते. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

शंका : सलाम. माझं वय ५४. लहानपणापासून मी याच मंडळीत आहे. मला गाता येत नाही. मोठ्याने प्रार्थना करायची म्हटली की घसा कोरडा पडतो. शिक्षण दहावीपर्यंत. परवा महिला मंडळात प्रत्येकीने उभं राहून आपलं कृपादान सांगायचं होतं. माझी पाळी जवळ आली तशी मी "चहाचं बघते" म्हणून उठून आत गेले. देवाने मला काहीच दिलेलं नाही का? — एक भगिनी, शरणपूर

समाधान : ताई, तुमचं ते "चहाचं बघते" मी पुन्हा पुन्हा वाचलं. अशा वेळी किती जणी त्याच वाटेने आत गेल्या असतील, हे मनात येत राहिलं.

आधी एक गैरसमज काढून टाका. कृपादानांची ठरीव यादी आहे, तीत आपण बसलो तर बसलो, नाहीतर रिकामे, असं कुठेच लिहिलेलं नाही. पौलाने रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायात एक यादी दिली, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात दुसरी आणि इफिसकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायात तिसरी. तिन्ही शेजारी ठेवून पाहा. एक दुसरीशी जुळत नाही. रोमच्या यादीत दया करणारा आहे, करिंथच्या यादीत साहाय्य करणं आहे, इफिसच्या यादीत हे दोन्ही नाही. पेत्राने तर फक्त दोन भाग केले, बोलणारे आणि सेवा करणारे. म्हणजे प्रेषितांना यादी पुरी करायचीच नव्हती. समोरच्या मंडळीत जे दिसत होतं ते त्यांनी लिहिलं.

देवाच्या आत्म्याने भरलेला, असं शास्त्रात पहिल्यांदा ज्याच्याविषयी म्हटलं आहे, तो उपदेशक नव्हता. निर्गमाच्या ३१ व्या अध्यायातला बसालेल सोनं, चांदी, पितळ, लाकूड घडवणारा कारागीर होता. आणि याफोची टबीथा, म्हणजे दुर्कस, आठवा. प्रेषितांच्या कृत्यांच्या ९ व्या अध्यायात तिच्या तोंडचं एक वाक्यसुद्धा नाही. ती वारल्यावर पेत्र माडीवर येतो, तेव्हा विधवा रडत रडत त्याला अंगरखे आणि वस्त्रं दाखवतात. तिने शिवलेली. तिचं कृपादान तिला कुणी विचारलं नव्हतं. ते त्या बायकांच्या अंगावर होतं.

माझ्या घरचं सांगते. वडील अखेरच्या दुखण्यात दवाखान्यात होते. भेटायला पुष्कळ माणसं आली, चांगल्या प्रार्थना झाल्या. आमच्या मंडळीतल्या एक बाई रोज संध्याकाळी यायच्या, स्टुलावर बसायच्या, जायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी रुमालात गुंडाळलेलं नेलकटर काढलं आणि वडिलांना विचारलं, "बाबा, नखं कापू का? वाढलीत." आम्ही चार भावंडं दिवसरात्र उशाशी होतो, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वडिलांनी लहान मुलासारखा हात पुढे केला. त्या बाईंना आलेलं ते लक्षात येणं, ताई, मी कृपादानच समजते. त्यांना स्वतःला ते ठाऊक होतं असं मला वाटत नाही.

म्हणून "मला काय येतं" हा प्रश्न बाजूला ठेवा. लोक तुमच्याकडे कशासाठी येतात ते आठवा. कुणाच्या घरी दुखणं आलं की पहिला फोन तुम्हाला येतो का? नव्या सुना तुमच्याजवळ मन मोकळं करतात का? तुमच्या हातचं कुणाला लागतं? उत्तर तिथे सापडेल, आरशासमोर सापडायचं नाही.

वयाची चिंता करत असाल तर लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहा. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेली ही मुलगी शाळेत गेली नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. त्यांचे पती रेव्हरंड टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांच्या 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे दहा अध्याय झाले होते आणि लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या, जवळजवळ तुमच्याच वयाच्या. पुढचे ६४ अध्याय त्यांनी लिहिले. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा त्या साठीच्याही पुढे गेल्या होत्या. टिळक गेले त्या दिवशी त्यांना उभं करून "तुमचं कृपादान कोणतं" असं विचारलं असतं, तर त्या ६४ अध्याय म्हणाल्या असत्या का?

महिला मंडळाच्या भगिनींनाही विनंती आहे. अशी पाळीपाळीने कबुली घेऊ नका. त्याऐवजी प्रत्येकीने शेजारणीबद्दल सांगावं, मला तिच्याकडून काय मिळालं ते. मग चहाचं बघायला कुणी उठून जाणार नाही.

शंका : मी ११ वर्षं शब्बाथ शाळा घेतो. पूर्वी तीसेक मुलं यायची. आता क्लास आणि मोबाईल यांमुळे पाच-सहा येतात, पावसात दोन. शिकवण्याचं कृपादान मला आहे असं लोक म्हणायचे. ते काढून घेतलं गेलं का? मी थांबावं का? — एक शिक्षक, नाशिक रोड

समाधान : सर, देव दिलेलं परत मागून घेत नाही, असं पौल रोमकरांस पत्राच्या ११ व्या अध्यायात सांगतो. तिथला विषय इस्राएलाचा आहे, पण देवाचा स्वभाव तोच. मुलं कमी झाली म्हणून देणं परत गेलं असं होत नाही.

शरणपूर रोडवरून तुमचं जाणंयेणं असेलच. आता तिथे दुकानं आहेत, दवाखाने आहेत, सिग्नलला गाड्यांची रांग आहे. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने तिथे ख्रिस्ती वस्ती वसवली. शरण आलेल्यांचं गाव, म्हणून शरणपूर. हिंदी महासागरात गुलामांच्या गलबतांतून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुलंही मुंबईहून इथे आणली जात. रेव्हरंड विल्यम प्राइस यांच्या देखरेखीखाली ती लिहायला-वाचायला शिकत, सुतारकाम-लोहारकाम शिकत. आईबाप हरवलेली, भाषा हरवलेली मुलं. त्यांतलाच एक, याओ जमातीचा जेकब वेनराइट.

१८७२ साली शरणपूरच्या काही तरुणांना मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मदतीसाठी आफ्रिकेत पाठवलं, त्यांत तो होता. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारले. दूरदूरवर पाळक नव्हता. सोबत्यांनी त्यांचं हृदय एका झाडाखाली पुरलं, आणि दफनविधीची प्रार्थना वाचली ती जेकबने, कारण ती त्याला वाचता येत होती. झाडाच्या खोडावर नाव कोरलं तेही त्याने. मग त्या माणसांनी मृतदेह साली-कापडात गुंडाळून, खांद्यावर घेऊन, हजार मैलांच्या आसपास चालत समुद्रकाठी बागामोयोला पोचवला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावून चालणाऱ्यांत शरणपूरचा हा विद्यार्थी होता.

शरणपूरच्या वर्गात जेकबला ओळीवर बोट ठेवून वाचायला लावणाऱ्या माणसाला त्या दुपारी काय दिसत असेल? एक परका पोरगा, अडखळत वाचणारा. उद्या हा कुठल्या रानात, कुणाच्या डोक्याशी उभा राहून वाचणार आहे हे त्याला कसं कळणार? शिकवणाऱ्याच्या हाती तेवढंच असतं, ओळीवर बोट ठेवणं.

पण थांबावं का, हा तुमचा प्रश्न मी टाळत नाही. थकला असाल तर वर्षभर थांबण्यात पाप नाही. फक्त हजेरीपट पाहून थांबू नका. पाच मुलं असण्यात एक सोय आहे, तीस असताना जी नव्हती: प्रत्येकाकडून शास्त्रपाठ मोठ्याने वाचून घ्या. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना देवनागरी वाचताना जड जातं, उपासनेत ती नुसती ओठ हलवतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. वर्षभरात एखादं मूल रविवारी सगळ्या मंडळीपुढे न अडखळता वाचू लागलं, तर त्याच्या आजीचा चेहरा पाहा. आणि दहावी-बारावीतल्या एखाद्या मुलीला मदतनीस म्हणून घ्या. शिकवण्याचं दान शिकवणाऱ्यापाशी संपू नये.

शंका : मैत्रीण मला एका प्रार्थनासंगतीत नेते. मला अन्य भाषा बोलता येत नाहीत म्हणून "हिला अजून आत्मा मिळाला नाही" असं म्हणून सगळे माझ्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. गेल्या वेळी मी खोटंच काहीतरी पुटपुटले. सगळ्यांनी आलेलुया म्हटलं. तेव्हापासून झोप लागत नाही. — एक विद्यार्थिनी, पंचवटी

समाधान : बाळ, झोप लागत नाही हीच तुझ्यातल्या आत्म्याची खूण आहे. खोटं त्याला सलतं. तू भेदरून एक चूक केलीस. आज रात्री देवापाशी साध्या मराठीत सांग आणि झोप. चारचौघांत उभं राहून कबुली द्यायची तुला गरज नाही. मैत्रिणीला मात्र खरं सांग.

सगळेच अन्य भाषा बोलतात काय, असं पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात विचारतो, आणि विचारण्याच्या ढंगातच "नाही" हे उत्तर आहे. दोन अध्याय पुढे तो म्हणतो की मंडळीत कळतील अशा पाच शब्दांची किंमत न कळणाऱ्या दहा हजारांहून मोठी. अन्य भाषांना त्याने मना केलेलं नाही, मीही करणार नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी जागृती झाली. मुली तासन्‌तास रडत प्रार्थना करत, आणि पुढे अन्य भाषांच्या साक्षीही तिथून आल्या. पण त्याच आवारात माग चालत होते, शेकडो जणींचा स्वयंपाक होत होता, अंध मुलींचा सांभाळ होत होता. त्याच आवारात पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं शास्त्र सोप्या मराठीत उतरवत होत्या, आणि मुक्तीतल्या बायका छापखान्यात त्याचे खिळे जुळवत होत्या. १९२२ साली रमाबाई गेल्या, तोवर ते काम त्यांनी पुरं केलं. आत्मा एकीच्या जिभेवर उतरला आणि खिळे जुळवणारीला विसरला, असं म्हणायला माझं मन धजत नाही.

जिथे तुला मोजमाप लावून उणं ठरवतात, तिथे काही दिवस जाऊ नकोस.

शंका : मी बँकेतून निवृत्त झालो. ७ वर्षं मंडळीचा खजिनदार आहे. दर रविवारी उपासनेनंतर व्हेस्ट्रीत एकटाच दानार्पणाच्या नोटा मोजत बसतो, पत्नी बाहेर रिक्षा थांबवून उभी असते. आता उपदेश चालू असतानाही डोक्यात आकडे फिरतात. सोडतो म्हटलं की "हिशेबाचं कृपादान तुम्हालाच आहे" म्हणतात. नाही म्हणणं पाप आहे का? — एक वाचक, देवळाली कॅम्प

समाधान : दादा, नाही.

हिशेब आणि व्यवस्था ही खरीच कृपादानं आहेत. करिंथच्या यादीत व्यवस्था पाहण्यासाठी जो ग्रीक शब्द आहे तो सुकाणू धरणाऱ्याचा. पण सुकाणूवरच्या माणसालाही पाळी बदलून मिळते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्याय करत बसलेल्या मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, स्पष्ट सांगितलं की हे चांगलं नाही, तू झिजून जाशील आणि हे लोकही झिजतील. कृपादान मंडळीसाठी असतं हे खरं, पण माणूस वापरून संपवण्याची परवानगी मंडळीला त्यातून मिळत नाही. "तुम्हालाच कृपादान आहे" हे वाक्य पुष्कळदा "आम्हाला जमवून घ्यायचं नाही" याऐवजी वापरलं जातं, आणि ते मला सहन होत नाही.

दुसरं, तुम्ही एकटे मोजता हेच मुळी बरोबर नाही. तुमच्यावर संशय आहे म्हणून नव्हे, तुमच्यावर कधी येऊ नये म्हणून. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमली तेव्हा पौलाने ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी नेमलेली माणसं सोबत घेतली, आणि कुणाला बोट दाखवायला जागा नको म्हणून असं करतो, हे करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात लिहूनही ठेवलं. पौलाला साक्षीदार लागले, तर आपल्याला का नकोत?

कमिटीला तारीख घालून पत्र द्या, तोंडी सांगू नका. वार्षिक सभेपर्यंतची मुदत पुरे. दोन माणसं मागून घ्या, त्यांतलं एक तिशीच्या आतलं असू दे. मोजणी दोघांनी करायची, वहीत दोघांच्या सह्या, पैसे सोमवारी बँकेत. तुम्ही तीन महिने शेजारी बसून शिकवा. वही पहिल्यांदा त्यांच्या हातात देताना जीव थोडा खालीवर होईल, ७ वर्षांची सवय आहे. होऊ द्या. मग एका रविवारी आशीर्वचन झालं की व्हेस्ट्रीकडे न वळता सरळ बाहेर या. वहिनी बाहेर उभ्या असतील.